पेशव्याला आठ लाखांची पेन्शन देणारा स्कॉटिश साहेब : जॉन माल्कम

नमस्कार मंडळी.

वर्षाला आठ लाख रुपये. १८१८ साली ही रक्कम ऐकून कलकत्त्यात बसलेला गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज नाराज झाला होता. हरलेल्या, पळून पळून थकलेल्या, सैन्य गमावलेल्या दुसऱ्या बाजीरावाला एवढं कशासाठी द्यायचं? पण शब्द दिला गेला होता, आणि देणाऱ्याने कलकत्त्याची परवानगी येईपर्यंत थांबायची गरज मानली नव्हती. त्याचं नाव जॉन माल्कम.

पेशवाई बुडाली त्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी आपल्याला एल्फिन्स्टन माहीत असतो. ग्रँट डफ माहीत असतो, कारण त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. माल्कम मात्र महाबळेश्वरच्या माल्कमपेठेपुरता उरलाय. मला हे चुकीचं वाटतं. शेवटच्या पेशव्याने शरणागती पत्करली ती या माणसापुढे, आणि पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला तोही हाच. या माणसाकडे एक जबरदस्त कसब होतं. समोरच्याला नेमकी कशाची भीती वाटते हे तो ओळखायचा आणि तेवढंच सांभाळून बाकी सगळं काढून घ्यायचा. आज त्या कसबाबद्दल बोलूया. त्याने काय मिळवलं आणि ते कुठे उलटलं, दोन्ही.

आधी हा आला कुठून ते बघू.

स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, इंग्लंडच्या सरहद्दीजवळ लँगहोम नावाचं छोटं गाव आहे. डोंगर, मेंढ्या, एस्क नदी. गावाजवळच्या बर्नफुट या शेतवाडीवर २ मे १७६९ ला जॉनचा जन्म झाला. भावंडं सतरा! बाप जॉर्ज माल्कम शेतकरी, आणि धंद्यात बुडालेला, कर्जबाजारी. म्हणजे मुलांना वाटून द्यायला जमीन नाही आणि हातात पैसाही नाही. उरली फक्त ओळखपाळख. त्या ओळखीच्या जोरावर मुलं एकेक करून आरमारात आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत चिकटवली गेली.

ही एकट्या माल्कमांच्या घरची गोष्ट नव्हती. मद्रासचा गव्हर्नर झालेला थॉमस मन्रो ग्लासगोचा, अमेरिकेतल्या उठावामुळे बापाचा व्यापार बुडालेला. एल्फिन्स्टन स्कॉटिश सरदाराचा धाकटा मुलगा. साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून बसलेला ग्रँट डफ बान्फचा. पेशवाईनंतरच्या महाराष्ट्राची घडी ज्यांच्या हातून बसली, त्यांत इतके स्कॉटिश लोक होते हा योगायोग नाही. घरी नाव आहे, थोडं शिक्षण आहे, पैसा मात्र नाही, अशा पोरांसाठी हिंदुस्थान हीच नोकरी होती.

जॉनच्या मुलाखतीचा एक किस्सा सांगितला जातो. पोरगं बारा वर्षांचं. लंडनला कंपनीच्या संचालकांपुढे उभं केलेलं. वय पाहून त्यांचं मन होईना. एकाने विचारलं, ‘काय रे, हैदर अली समोर आला तर काय करशील?’ पोरगं म्हणालं, ‘तलवार काढीन आणि मुंडकं उडवीन.’ झालं, नोकरी पक्की. १७८३ च्या एप्रिलमध्ये तो मद्रासला उतरला तेव्हा चौदा पूर्ण व्हायचे होते. आठवी-नववीतल्या मुलाचं वय, आणि हा फौजेत अधिकारी.

सुरुवातीला त्याने मौजमजा आणि कर्ज हेच केलं. मग टिपूवरच्या पहिल्या श्रीरंगपट्टण मोहिमेच्या वेळी त्याच्या लक्षात आलं, की देशी दरबारांशी बोलणी करणाऱ्या साहेबांना खरी किंमत आहे आणि त्यासाठी फारसी यावी लागते. त्या काळी दरबारी कारभाराची भाषा तीच. तो फारसी शिकला. पुढचं सगळं आयुष्य त्यावर उभं आहे.

पुढची वीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यांत प्रवास फार आणि आपल्या कामाचं थोडं आहे. १७९८ मध्ये हैदराबादला निजामाच्या पदरची फ्रेंच अधिकाऱ्यांची पलटण मोडून काढली, त्यात हा होता. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, तिथेही होता. त्यानंतर इराण. एक नाही, तीन वेळा वकील म्हणून गेला. पहिल्या खेपेला, १८०१ मध्ये, शहाशी तह केले. दुसऱ्या खेपेला हात हलवत परतला. तिसरी खेप १८१० ची. इराणात बटाटा यानेच नेला असं म्हणतात, आणि तिथे बटाट्याला ‘माल्कमचं आलूबुखार’ म्हणायचे अशी गोष्टही प्रसिद्ध आहे. इराणचा मोठा इतिहास त्याने लिहिला, तो १८१५ मध्ये आला. ‘सर’ तो १८१२ मध्येच झाला होता; १८१५ मध्ये त्याला ‘नाइट कमांडर ऑफ द बाथ’ हा वरचा किताब मिळाला. गंमत बघा, त्याच्याबरोबर त्याच्या दोन सख्ख्या भावांनाही तोच किताब मिळाला. बर्नफुटच्या कर्जबाजारी घरातले तीन सर.

१८०३ च्या मराठा युद्धात तो आर्थर वेलस्लीच्या बाजूला होता. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. असईच्या लढाईच्या वेळी मात्र माल्कम आजारपणामुळे छावणीत नव्हता, आणि ही रुखरुख त्याला आयुष्यभर राहिली. लढाई संपल्यावर शिंद्यांशी बोलणी करायला तो हजर झाला. १८०४ चा बऱ्हाणपूरचा तह त्याच्या हातचा.

आता आपण १८१७ मध्ये येतो. इथे थोडं थांबायचंय.

ऑगस्ट १८१७. साताऱ्याजवळ माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माल्कम बाजीरावाला भेटायला गेला. जूनमध्येच पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावाच्या गळी पुण्याचा तह उतरवला होता. बाजीराव दुखावलेला, अपमानित. पण माल्कमपुढे तो इतका गोड बोलला, पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेत कंपनीला मदत करायची अशी ग्वाही त्याने दिली, की माल्कमचा विश्वास बसला. पेशव्याला सैन्य जमवू द्या, असंच त्याचं मत झालं. एल्फिन्स्टनला हे अजिबात पटलं नव्हतं. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, रेसिडेन्सी जाळली गेली, आणि एल्फिन्स्टन बरोबर ठरला. माणसं ओळखण्यात हयात घालवलेला माल्कम बाजीरावाच्या बाबतीत सपशेल फसला होता. दहा महिन्यांनी काय झालं ते समजून घ्यायला हे ध्यानात ठेवा.

डिसेंबरात तो माळव्यात होता. होळकरांची गादी अकरा-बारा वर्षांच्या मल्हाररावाकडे, कारभार तुळसाबाईकडे. २० डिसेंबरला होळकरांच्याच लष्करातल्या लोकांनी तुळसाबाईला ठार मारलं. दुसऱ्या दिवशी क्षिप्रेच्या काठी महिदपूरला लढाई झाली. सेनापती होता सर थॉमस हिस्लॉप, पण नदी ओलांडून तोफांवर चालून जायचं काम माल्कमकडे. होळकरांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत जागा सोडली नाही. कंपनीची पावणेआठशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. तरीही दिवस कंपनीचा ठरला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा होळकरी मुलूख कंपनीकडे गेला. आपलं खानदेश त्यातच आलं. जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

इकडे बाजीराव पळत होता. कोरेगाव झालं. २० फेब्रुवारीला आष्टीला बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या बाजूने लढायची उमेदच गेली. मे महिन्यात बाजीराव असीरगडाजवळ धुळकोटला येऊन थांबला. बरोबर अजून हजारो लोक, त्यात अरबांच्या तुकड्या. जवळच असीरगडाचा बेलाग किल्ला, आणि तिथला शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड पेशव्याला आतून अनुकूल. चार दिवसांवर पावसाळा. बाजीराव गडावर चढला असता तर वेढा घालायला तोफा आणा, चिखलातून ओढा, शिंद्यांशी पुन्हा बिघाड ओढवून घ्या, हे सगळं कंपनीच्या गळ्यात आलं असतं.

म्हणून माल्कमने बोलणी सुरू केली. पेशव्याचे वकील इंदूरजवळच्या महूला आले, माल्कमने आपला तरुण अधिकारी लो याला पेशव्याकडे धाडलं. १ जूनला खेरी इथे दोघांची भेट झाली. बाजीरावाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो माल्कमला म्हणाला, ‘माझे तीन जुने स्नेही होते. त्यांतले कर्नल क्लोज वारले. जनरल वेलस्ली दूर देशी गेले. आता तुम्ही तेवढे उरलात.’ माणूस हरला होता, पण बोलण्यातली ताकद अजून शाबूत होती.

माल्कम ऐकत राहिला. त्याला वाईट वाटलं असेलही. पण माहुलीला एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसणार नव्हता. त्याने लेखी अटी हातात ठेवल्या आणि मुदत दिली चोवीस तासांची. राज्यावरचा हक्क स्वतःसाठी आणि वारसांसाठी कायमचा सोडायचा. दख्खनमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही. काशी किंवा उत्तरेतलं दुसरं एखादं तीर्थक्षेत्र सरकार ठरवेल तिथे राहायचं. बदल्यात बाजीराव आणि त्याचं कुटुंब यांच्या निर्वाहासाठी पेन्शन, वर्षाला आठ लाखांहून कमी नाही. त्याच्याशी निष्ठेने राहिलेले जहागीरदार, आश्रित ब्राह्मण, घराण्याने बांधलेली देवस्थानं, यांचा सहानुभूतीने विचार होईल.

या अटी नीट पाहा. बाजीरावाला मरणाची भीती होती, कैदेची होती, आणि आपल्याबरोबर रस्त्यावर आलेल्या माणसांसमोर तोंड दाखवायची होती. तिन्ही भीती या कागदात निवल्या आहेत. राज्य मात्र गेलं, आणि शेवटच्या क्षणी एकही गोळी न झाडता गेलं. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या छावणीत दाखल झाला.

गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या काही दिवसांत पेशव्याच्या छावणीतले अरब पगारासाठी उठले. महिनोन्‌महिने पळापळीत पगार थकलेला, आणि मालक तर आता पेन्शन घेऊन काशीला निघालेला! त्यांनी बाजीरावाचा तंबूच घेरला. त्या शिपायांची बाजू मला पूर्ण समजते. तहात जहागीरदारांचा उल्लेख होता, देवस्थानांचा होता, शिपायांच्या थकल्या पगाराचा नव्हता. माल्कमने एकीकडे तोफा रोखल्या, दुसरीकडे त्यांच्या नायकांशी बोलून ते मिटवलं. आदल्या दिवसापर्यंत शत्रू असलेल्या बाजीरावाचा जीव त्या दिवशी इंग्रजांनी वाचवला. पुढे त्याला कानपूरजवळ बिठूरला नेऊन ठेवलं.

हेस्टिंग्जने कुरकुर केली पण शब्द पाळला. बाजीराव आता फार जगणार नाही अशी त्याची अटकळ होती. बाजीराव मात्र २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला. साडेबत्तीस वर्षांहून जास्त. हिशेब करा, अडीच कोटींच्या वर रक्कम जाते. तो गेल्यावर दत्तक मुलगा नानासाहेबाने पेन्शन मागितली. माल्कमच्या कागदात कुटुंबाचाही निर्वाह लिहिला आहे, हा त्याचा मुद्दा. डलहौसीने साफ नाकारलं. नानासाहेबाचा वकील अझीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परत आला. सहा वर्षांनी कानपूरला काय झालं ते आपण सगळे जाणतो. १८५७ ची कारणं एका पेन्शनपुरती नाहीत, पण नानासाहेबाच्या मनातल्या रागाची मुळं शोधायला निघालात तर खेरीच्या त्या कागदापर्यंत यावंच लागतं.

यानंतर माल्कमने तीनेक वर्षं माळव्याचा कारभार पाहिला. मुक्काम महूला. त्याचं सर्वांत चांगलं काम या काळातलं आहे असं माझं मत आहे, आणि ते काम तलवारीचं नाही. माळव्याची माहिती गोळा करताना त्याला जो तो अहिल्याबाईंबद्दल सांगू लागला. त्यांना जाऊन पंचविसेक वर्षं झाली होती. एवढं कौतुक ऐकून त्याला संशय आला, की ही भक्तीने फुगवलेली वर्णनं असणार. म्हणून त्याने वेगवेगळ्या पंथांच्या, वेगवेगळ्या थरांतल्या माणसांकडे मुद्दाम खोदून चौकशी केली. जितकं खोदलं तितकी साक्ष पक्की होत गेली. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंची स्तुती करणारा ग्रंथ लिहून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला सांगितला. हा प्रसंग माल्कमने नोंदवून ठेवलाय. १८२३ मध्ये छापलेल्या मध्य हिंदुस्थानवरच्या त्याच्या ग्रंथात त्याने लिहिलं, की आपल्या मर्यादित मुलुखात अहिल्याबाई या आजवर होऊन गेलेल्या सर्वांत शुद्ध आणि आदर्श राज्यकर्त्यांपैकी एक होत्या. ज्या घराण्याशी तो स्वतः महिदपूरला लढला, त्या घराण्याबद्दल त्याने हे लिहिलं. डोळ्यांनी पाहिलेली माणसं हयात असताना त्यांच्या तोंडच्या आठवणी कागदावर आल्या, यासाठी मी त्याचा ऋणी आहे, आणि तसं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

या सगळ्याचं बक्षीस म्हणून मुंबईचं गव्हर्नरपद मिळेल अशी त्याची खात्री होती. १८१९ मध्ये ते गेलं एल्फिन्स्टनला, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मद्रास गेलं मन्रोला. माल्कमच्या जिव्हारी लागलं, त्याने ते लपवलंही नाही, आणि १८२१ मध्ये तो मायदेशी गेला.

शेवटी १ नोव्हेंबर १८२७ ला त्याने मुंबईचा कारभार हाती घेतला. वय अठ्ठावन्न. तिजोरीत खडखडाट, खर्च कमी करा असा वरून हुकूम. आणि वर्षभरात एक असं प्रकरण उभं राहिलं, की त्यात या माणसाची दुसरी बाजू लख्ख दिसते.

मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पुण्यात राहत होता. पांडुरंग रामचंद्र ढमढेरे या बड्या सरदाराच्या, पेशव्यांच्या नात्यातल्या माणसाच्या ताब्यात. मुलाला मनाविरुद्ध अडकवून ठेवलंय अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टाने हुकूम काढला, मुलाला आमच्यासमोर हजर करा. हे कोर्ट कंपनीचं नव्हतं, थेट इंग्लंडच्या राजाचं होतं. सरकारने पुण्याला कळवलं, या हुकमाची अंमलबजावणी होणार नाही.

माल्कमचं म्हणणं असं, की कोर्टाचा अधिकार मुंबई बेटापुरता. दख्खनच्या सरदारांना आपण मान राखायचा शब्द दिलाय. त्यांना मुंबईच्या कोर्टात खेचलं तर आपला वचक आणि त्यांचा भरवसा दोन्ही जाईल. न्यायाधीशांचं म्हणणं, राजाच्या न्यायाच्या आड गव्हर्नर येऊ शकत नाही. याच सुमारास, १८२८ मध्ये, दोन न्यायाधीश, सर एडवर्ड वेस्ट आणि सर चार्ल्स चेंबर्स, पाठोपाठ वारले. उरला एकटा सर जॉन पीटर ग्रँट. हाही स्कॉटिश, आणि तितकाच हट्टी. सरकार हुकूम मानत नसेल तर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही म्हणत त्याने १ एप्रिल १८२९ ला कोर्टाला कुलूप लावलं!

लंडनमध्ये कंपनीवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड एलनबरो माल्कमच्या बाजूचा. त्याने खासगी पत्रात लिहिलं, की आता दोन नवे न्यायाधीश पाठवतोय, ग्रँट त्यांच्यामध्ये दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधल्या रानटी हत्तीसारखा राहील. हे पत्र फुटलं, वर्तमानपत्रात आलं आणि प्रचंड बोभाटा झाला. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्लंडमधल्या वरच्या अपील न्यायासनाने, निकाल दिला तो मात्र सरकारच्या बाजूने.

सरदारांचा मान ही माल्कमची भूमिका प्रामाणिक होती असं मी मानतो. खेरीपासून तो तेच करत आला होता. पण या प्रकरणातल्या चौदा वर्षांच्या मुलाला काय हवंय हे विचारणारी एकच जागा होती, आणि तिथली वाट त्याने अडवली. मोठ्यांचा मान राखायचा, त्यांच्यामार्फत राज्य करायचं, आणि आपल्यावर कोणाची देखरेख नको. त्याच्या कारभाराचं खरं सूत्र हे आहे, आणि त्यात सामान्य माणसाला जागा नाही.

बाकीची कामं आपल्या रोजच्या रस्त्यावरची आहेत. बोरघाटातून पूर्वी माल जायचा तो बहुतेक बैलांच्या पाठीवरून. १० नोव्हेंबर १८३० ला माल्कमने घाटातला गाडीरस्ता खुला केला आणि लिहिलं, की कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंतच पडली. व्यापार वाढेल हे लिहिलं, तसं फौजेची ने-आण सोपी होईल हेही लिहिलं. महाबळेश्वरचा डोंगर साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात घेतला आणि तिथे वसलेल्या बाजाराला माल्कमपेठ नाव पडलं. पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग उभी राहिली. मार्च १८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, तेव्हा कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा प्रमुख होता त्याचाच भाऊ चार्ल्स. त्याच वर्षी बंगालच्या पाठोपाठ मुंबई इलाख्यात सतीबंदी झाली. आणि फेब्रुवारी १८३० मध्ये राजकोटला स्वामिनारायण संप्रदायाचे संस्थापक सहजानंद स्वामी त्याला भेटले, संप्रदायाच्या आचारनियमांच्या शिक्षापत्रीची प्रत दिली. ती प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, गुजरातेतून लोक खास दर्शनाला जातात.

१८३० च्या डिसेंबरात त्याने मुंबई सोडली. घरी जाऊन पार्लमेंटात निवडून आला आणि सर्वशक्तीनिशी मतदानाच्या सुधारणेला विरोध केला. अधिक लोकांच्या हाती मत द्यायला तो स्वतःच्या देशातही तयार नव्हता. १८३२ ची सुधारणा झाली, त्यानंतर त्याला पुन्हा जागा मिळाली नाही. ३० मे १८३३ ला तो लंडनमध्ये वारला.

त्याचा शिल्पकार चँट्रीने घडवलेला संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे. मुंबईकरांनी एकदा आत जाऊन नक्की बघा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी १८१८ नंतरच्या सनदा, इनामाचे कागद, मोडी पत्रं असतील, तर ती फडताळात वाळवीच्या तोंडी देऊ नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. पुढच्या भागात आपण वसईच्या तहाबद्दल बोलणार आहोत. भेटू तेव्हा. नमस्कार.